दिवेलागण ते जेवणवेळ

माणूस समोरून आला तर मामा त्याला ओळखायचे नाहीत. त्याची पाठ दिसली की मात्र लगेच ओळखायचे. बाळी वेशीजवळच्या गल्लीत त्यांचं केस कापायचं दुकान होतं, आणि आयुष्यभर माणसांच्या मागे उभं राहून त्यांच्या नजरेला तीच सवय लागली होती. मी दारातून "काय मामा" म्हणून हाक मारली तर ते क्षणभर परक्यासारखे बघायचे. मग म्हणायचे, "जरा फिरा बगू." मी टोपी काढून फिरलो की लगेच, "आं, दोनभोवरे व्हय! या की."

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. लहानपणी माढ्याला आमची आत्या म्हणायची की ह्या पोराची दोन लग्नं होणार. ती काही झाली नाहीत. पण चार-पाच वर्षं सोलापुरात एका माणसानं मला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नाही, आणि आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

मी तेव्हा एका गिरणीत हजेरी कारकून होतो. अंगावर कोट, डोक्यावर टोपी, हातात फाऊंटन पेन. बघणाऱ्याला वाटावं, काय सभ्य माणूस आहे. संध्याकाळचा भोंगा वाजला की माझे पाय घराकडे निघायचे आणि शिंदीच्या दुकानात पोचायचे. आधी शिंदी होती, मग देशी आली. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी सकाळीच घेऊन बसलो, आणि भटजी मंत्र सांगत असताना दर्भ हातात धरून झोपी गेलो. थोरल्या भावानं मला काखेत हात घालून उठवलं आणि परसात नेऊन बसवलं. पिंड त्यानंच दिले. माढ्याला परत जाताना माझ्या बायकोच्या पाया पडून गेला. थोरला दीर धाकट्या भावजयीच्या पाया पडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली आणि बायकोला म्हणालो, "चल सिद्धेश्वराला. बेल उचलतो."

ती चुलीपुढे बसली होती. तीनदा आधी मी बेल उचलला होता. ती मान वर न करता म्हणाली, "आता शपथ घेऊ नका. मला देवाची लाज वाटते."

त्या वाक्यानंतर मी खरोखर शोधाशोध सुरू केली.

गिरणीत एक कुजबूज ऐकली होती की सोडलेली काही माणसं संध्याकाळी कुठंतरी एकत्र बसतात. कुठं, ते कुणी सांगेना. कारण विचारायचं म्हणजे आपण पितो हे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे आपण पीत होतो हे कबूल करायचं. मी आधी एका भजनी मंडळात गेलो. तिथं लोक चांगले होते, पण माझा वास आल्यावर शेजारचा टाळकरी सरकून बसला. खादीवाले स्वयंसेवक दारूच्या दुकानापुढे उभे राहायचे, त्यांच्यातल्या एकाला गाठलं. त्यानं मला अर्धा तास देशाची स्थिती समजावून सांगितली. सगळं पटलं, पण संध्याकाळी काय करायचं ते कळलं नाही. एका वैद्यानं कडू चूर्ण दिलं. ते मी दारूबरोबर घेतलं.

शेवटी पत्ता मिळाला तो दारूच्या दुकानाच्या दारातच. तिथं एक तेलुगू बाई फुटाणे विकायला बसायची. एका संध्याकाळी मी आत जायच्या आधी तिच्यापुढे उभा राहिलो. फुटाणे घेतले नाहीत, आतही गेलो नाही, नुसता उभा राहिलो. तिनं वर पाहिलं.

"काय अन्ना, पाय उचलत नाही?"

"नाही."

"मग तिकडं जा. माझी गिऱ्हाइकं तिकडंच जाऊन बसतात." तिनं पुडीच्या कागदानं दिशा दाखवली. "बाळी वेस. न्हाव्याचं दुकान, निळं दार. चार जणं चांगले खाणारे होते माझे. त्यानं नेले."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. पण त्यांच्या बायका येऊन माझ्याकडून फुटाणे नेतात आता."

निळ्या दाराची एक फळी उघडी होती. आत सहा माणसं गोणपाटावर बसली होती. भिंतीवरचा मोठा आरसा मामांनी उलटा करून ठेवलेला होता; संध्याकाळी तो ते उलटाच ठेवायचे. "सांच्याला मानसानं सोताचं तोंड बगू नये, धीर सुटतो," असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः पन्नाशीचे, लुकडे, कानाच्या पाळ्या मोठ्या, अंगात बाराबंदी. मला बघून त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कधीपासून पितोस हेही विचारलं नाही.

"फिरा," म्हणाले.

मी टोपी काढली आणि फिरलो.

"दोन भोवरे! बसा. पयली दाढी करू."

हा तिथला रिवाज होता. नवा माणूस आला की त्याची दाढी व्हायची. मी पाटावर बसलो. त्यांनी वाटीत पाणी घेतलं, साबण फेसला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली. माझं अंग थरथरत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "हलला तरी चालंल. माजा हात हाय खंबीर."

दाढी करता करता त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. ती ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, आणि बाकीचे सहाही जण प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायचे. एका नवरदेवाची दाढी करायला ते पिऊन गेले होते. मांडवात वाजंत्री वाजत होती. वस्तरा घसरला आणि नवरदेवाच्या गालावर दोन बोटं लांब चीर पडली. मुंडावळ्यांवर रक्त सांडलं. लोक म्हणाले अपशकुन. लग्न लागलं, पण ती नवरी पुढे जन्मभर ते ऐकत राहिली. "तो मानूस अजून दिसतो मला बाजारात," ते म्हणायचे. "मागनं न्हाय, त्यो एकलाच मला समोरनं वळकू येतो."

त्याच आठवड्यात त्यांची बायको पाच वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी, जेऊरला, निघून गेली. त्यानंतरही ते चार वर्षं पीत राहिले. हेही ते सांगायचे. "लोकांला वाटतं बायकू गेली म्हनून सुदारला. न्हाय हो. बायकू गेली म्हनून जास्त प्यालो."

दाढी झाल्यावर मी सवयीनं हात जोडले आणि म्हणालो, "मामा, आजपासून सोडली. शपथ—"

त्यांनी ओल्या हातानं माझं तोंडच धरलं. "शपथ न्हाय घ्यायची हितं. दाडी काय येकदा केली की झाली व्हय? रोज वाडती, रोज करायची. आज जेवायच्या येळंपतुर बसा. बास."

तेवढंच होतं तिथं. भोंगा वाजल्यापासून जेवणवेळेपर्यंत बसायचं. त्या वेळेला ते 'आडवी येळ' म्हणायचे, मांजर आडवं जावं तशी. पितळी भांड्यातून गुळाचा चहा मिळायचा आणि त्याबरोबर कडक भाकरीचा तुकडा, शेंगाची चटणी. देवाचं नाव काढायला बंदी, स्वराज्याचं काढायलाही बंदी, कारण दोन्हींवरून भांडणं होतात आणि भांडून माणूस थेट दुकानात जातो. मग बोलायचं काय? तर प्रत्येकानं आज पाय कुठं अडखळला ते सांगायचं. म्हणजे अक्षरशः रस्त्याचं सांगायचं. साखर पेठेतला एक विणकर होता, धिप्पाड, बोलायला तापट. तो सांगायचा की अमक्या बोळातून येऊ नका, संध्याकाळी वारा तिकडून असतो, वास नाकात येतो. एक टांगेवाला होता, तो म्हणायचा, "मेरा घोडाच उधर मुडता जी. मैं नक्को बोलूं तो भी मुडता." मामांनी त्याच्या घोड्यासाठीसुद्धा रस्ता शोधून दिला, तलावाला वळसा घालून. दोन महिन्यांत सोलापुरातले सगळे बिनवासाचे रस्ते मला पाठ झाले. घरी पोचायला दुप्पट वेळ लागायचा, पण घरीच पोचायचो.

बायकोनं पहिले पंधरा दिवस काहीच विचारलं नाही. सोळाव्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "दाढी चांगली करतात कोण ते." मी जेवत होतो. आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

माझं तिथं दुसरं वर्ष चालू असतानाची गोष्ट. एके दिवशी मामा म्हणाले की मी उद्या जेऊरला जाऊन येतो, तुमी फळी उघडून बसा. दिवस मोजायचे नाहीत असं ते आम्हाला दटावून सांगायचे, आणि स्वतः मात्र मनातल्या मनात मोजत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पाच वर्षं भरली होती. पाच भरल्याशिवाय लेकीला तोंड दाखवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नवं धोतर नेसले, मुलीसाठी खणाची चोळी घेतली, आणि सकाळच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी निळं दार आतून बंद होतं. आम्ही हाका मारल्या. आतून वास आला. आमच्यापैकी प्रत्येकाला तो वास ओळखता येत होता. टांगेवाला तेवढा फळीला हात लावून उभा राहिला.

चौथ्या दिवशी दार उघडं होतं. आम्ही आत गेलो तर मामा नेहमीच्या जागी नव्हते. नवा माणूस जिथं बसतो, दाराशी, उंबऱ्याला लागून, तिथं ते बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"पयला दिवस हाय," ते म्हणाले.

विणकर उभाच राहिला. "पाच वर्सं तुमच्याकडं बघून बसलो आमी. आता कुणाकडं बघून बसायचं?"

"माज्याकडं कशाला बगता? शेजारच्याकडं बगा."

"मी नाही बसत." आणि तो निघून गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं गेले.

उरलेल्यांना मामांनी सांगितलं. जेऊरला घर सापडलं होतं. दारात बायको होती. तिनं ओळखलं, पण 'या' म्हटलं नाही. आत वळून म्हणाली, "पोरी, त्या पाव्हन्यास्नी पानी दे." मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली. तेरा-चौदा वर्षांची. हातात हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत. गेल्याच महिन्यात लग्न झालं होतं, गावातल्या गावात. बाप मेला असं सांगून तिच्या आईच्या भावानं कन्यादान केलं होतं.

"म्या इचारलं, बाई, तुजं नाव काय? नाव मला म्हाईत की. पन इचारलं. तिनं सांगितलं. मंग मला म्हनाली, पाव्हनं, अजून पानी पायजे का?" ते थांबले. "म्या न्हाय म्हनलं. चोळी तशीच काकंत. टेसनावर आलो. टेसनाभायेरच दुकान हाय."

एवढंच सांगितलं. रडले नाहीत.

त्यानंतर त्यांनी वस्तरा हातात घेतला नाही. हात कापत होते. गिऱ्हाइकं यायची, बघायची आणि जायची. बातमी गल्लीभर झाली होती. पिणाऱ्या न्हाव्यापुढे कोण गळा देणार? दहा-बारा दिवस दुकान सकाळी नुसतं उघडं असायचं आणि मामा हत्यारांची धोकटी मांडीवर घेऊन बसलेले असायचे. संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं जमायचो. ते दाराशीच बसायचे.

एका सकाळी मी कामावर जायच्या आधी तिथं गेलो. टोपी काढली, कोट खुंटीला लावला आणि पाटावर बसलो.

"करा दाढी."

"न्हाय, दोनभोवरे. हात बगा की."

"हलला तरी चालेल."

त्यांनी माझ्या खांद्यावर फडकं टाकलं. मग पाणी घेतलं. साबण फेसला. माझी हनुवटी वर करणारी त्यांची बोटं गार होती. वस्तरा कानाखाली टेकला तेव्हा त्याचं थरथरणं माझ्या दातांपर्यंत पोचलं. मला भीती वाटली, हे खोटं कशाला बोलू? मी छताच्या एका तुळईवर नजर ठेवून राहिलो. गालावरून खाली, गळ्यावर, मग हनुवटीशी येताना लागलाच. थोडं रक्त आलं. ते एकदम मागे झाले, वस्तरा ठेवायला वळले.

"अर्धी राहिली," मी म्हणालो. "मला असाच पाठवता का कचेरीत?"

त्यांनी तुरटी लावली आणि उरलेली अर्धी केली. ती अर्धी नीट झाली. बाहेर रस्त्यावर विणकर उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत आला, पाटावर बसला आणि त्यानं मान वर केली.

त्या रात्री ताट वाढताना बायकोनं माझ्या हनुवटीकडे पाहिलं. "कापलं?"

"हो."

"मग उद्या दुसरीकडं जाणार?"

"नाही."

"जाऊ नका," ती म्हणाली.

पुढे अडीच-तीन वर्षांनी जेऊरहून कार्ड आलं. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते दिवसभर बंडीच्या खिशात ठेवलं आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्या हातात दिलं. मुलीनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. तिला मुलगी झाली होती. आई आजारी होती, अंथरुणाला खिळली होती. पाणी पिऊन गेलेले पाहुणे कोण होते ते आईनं आता सांगितलं. शेवटची ओळ होती, 'दारू पीत नसाल तर या.'

त्यांनी ती ओळ माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली.

"उत्तर लिवा," म्हणाले.

मी पेन उघडलं आणि लिहिलं, दारू कायमची सोडली आहे. वाचून दाखवलं.

"न्हाय न्हाय. खोडा ते. कायमची म्हंजे काय? मला काय म्हाईत कायमचं? आज पीत न्हाय, आसं लिवा."

"अहो मामा, असं लिहिलं तर ती बोलावेल का?"

"न्हाय बोलावलं तर न्हाय. येकदा बाप मेला म्हनून खोटं झालंय तिच्यासंगं. आनिक नगं."

मी लिहिलं, आज पीत नाही. कार्डावर बाकी सगळी जागा कोरी राहिली. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्यात एकच शब्द होता: या.

आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. टांगेवाल्यानं मामांना टांग्यातून नेलं. धोकटी, एक पत्र्याची पेटी, आणि बाळाला टोपडं. पंधरा दिवसांत येतो म्हणाले. किल्ली माझ्याकडे दिली.

ते परत आले नाहीत. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, मग वर्ष. मुलीनं सोडलं नाही, की त्यांनाच तिथून उठवेना, कोण जाणे. पत्र नाही. दुकान जागामालकानं दुसऱ्याला दिलं. त्यानं दाराला हिरवा रंग लावला. आम्ही मग माझ्या घराच्या सोप्यावर बसू लागलो. चहा बायको करायची. सगळं तेच होतं, माणसंही वाढली होती. पण कुणी नवा दारात आला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. 'फिरा' म्हणायला कुणी नव्हतं. मी एकदा म्हणून पाहिलं. माझ्या तोंडी ते शोभलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. ज्याची लेक दुरावली होती, त्याला ती मिळाली. मला तो आनंद होताही. पण संध्याकाळी बाळी वेशीवरून जाताना हिरव्या दाराकडे मी बघायचो नाही.

तीन वर्षांनी एका लग्नाहून परत येताना मी जेऊरला उतरलो. पुढच्या गाडीला चार तास होते. घर शोधायला लागलं नाही. लिंबाखाली दगडावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची हजामत चालली होती. जवळ तीन-चार वर्षांची एक मुलगी साबणाची वाटी धरून बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी परक्यासारखं पाहिलं. मी टोपी काढून फिरलो.

मागे वस्तरा दगडावर ठेवल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. मी वळलो तेव्हा ते उपरण्यानं तोंड पुसत होते.

"सोलापूरचं गिऱ्हाईक," त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं.

घरी नेलं. मुलीनं गूळपाणी दिलं, आग्रह करून जेवायला वाढलं. आत अंथरुणावर बायको होती. जावई, शेजारी, सगळे येऊन बसले. ज्वारी कशी आली, सोलापुरात गिरणी चालू आहे का, हेच बोलणं. आम्हा दोघांना बोलताच आलं नाही. निघताना ते मला पोचवायला आले. वाटेत म्हणाले, "बायकू बोलत न्हाय अजून. पन भाकरी म्या केली तर खाती."

फलाटावर कुणी नव्हतं. बाकावर टेकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बसता का?"

"बसतो. माझ्या सोप्यावर. अकरा जण आहोत."

"इनकर?"

"आहे."

"घोडा?"

"मेला. नवा घेतलाय. तोही तिकडंच वळतो."

ते हसले. मी विचारलं, "मामा, इथं तुमचं कोण आहे? म्हणजे, आपल्यातलं?"

"कोन न्हाय. घरच्यांबिगर कुनाला ठावं बी न्हाय, मी पीत व्हतो त्ये. दिवेलागन झाली की मी अंगनात बसतो, सोलापूरकडं तोंड करून. जेवायच्या येळंपतुर. लोकांला वाटतं, म्हातारा सिद्धेश्वराचं नाव घेतो."

"मग काय करता?"

"तुमच्यात बसतो की."

गाडीला अजून अवकाश होता. स्टेशनचा माणूस कंदील पुसून दिवा लावत होता. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो.